वळण कोणाला लावायचं?

सायकल चालवणाऱ्यांबद्दलच्या तक्रारी वयानुसार वाटून दिलेल्या असतात. लहान मुलं न बघता गल्लीतून मुख्य रस्त्यावर येतात. कॉलेजची पोरं सिग्नल पाळत नाहीत, गप्पा मारत तिघं तिघं शेजारी चालवतात, एका हातात मोबाइल असतो. आजोबांची सायकल वळताना डगमगते, आणि मागून हॉर्न दिला तरी त्यांना ऐकू जात नाही. पुण्यात, लंडनमध्ये, अॅमस्टरडॅममध्ये कुठेही विचारा, यादी साधारण हीच मिळेल. आणि यातली जवळजवळ प्रत्येक तक्रार खरी आहे. वयानुसार सायकल चालवण्याची पद्धत बदलते, हे संशोधनातूनही पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला पडणारा प्रश्न यापुढचा आहे. हे फरक लक्षात आल्यावर समाजाने केलं काय? कोणी म्हटलं, माणसांना शिकवा, त्यांना वळण लावा. कोणी म्हटलं, माणसं अशीच असणार, तेव्हा रस्त्याचं वळण बदला. पॉडकास्टमध्ये या विषयावर बोलताना ब्रिटन आणि नेदरलँड्स यांची तुलना ओझरती होऊन गेली. दोन्ही देश श्रीमंत, शेजारी, दोन्हीकडे एकेकाळी सायकलींचा महापूर. आणि तरी विसाव्या शतकात दोघांच्या वाटा फुटल्या. त्या कशा फुटल्या, याबद्दल इथे जरा सविस्तर.

१९३४ : दोष कोणाचा?

१९३० च्या दशकातला ब्रिटन हा सायकलवर कामाला जाणाऱ्यांचा देश होता. गिरण्या, गोदी, कारखाने सुटले की रस्ते सायकलींनी भरून जायचे. सायकल चालवणारे एक कोटीच्या आसपास होते. मोटारी दशकाच्या शेवटीसुद्धा वीस लाखांच्या घरात. म्हणजे रस्ता संख्येने सायकलवाल्यांचा होता, पण वेग मोटारवाल्यांच्या हातात होता. १९३० च्या कायद्याने मोटारींवरची ताशी २० मैलांची वेगमर्यादाच काढून टाकली होती, आणि गाडी चालवण्यासाठी परीक्षा द्यावी लागत नव्हती. पैसे असले की गाडी घ्यायची आणि निघायचं.

परिणाम व्हायचा तोच झाला. १९३४ मध्ये ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ माणसं मेली. त्यांतले सुमारे दीड हजार सायकलस्वार होते. त्या वर्षी वाहतूकमंत्री झालेल्या लेस्ली होअर-बेलिशा यांच्या काळात वस्तीच्या भागात ताशी ३० मैलांची मर्यादा आली, नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली, पादचाऱ्यांच्या क्रॉसिंगवर नारिंगी गोळ्यांचे खांब उभे राहिले. ते खांब आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात.

याच मंत्र्यांनी डिसेंबर १९३४ मध्ये पश्चिम लंडनमधल्या वेस्टर्न अव्हेन्यूवर सायकलींसाठी वेगळा ट्रॅक सुरू केला. लांबी अडीच मैल, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साडेआठ फूट रुंदीची पट्टी. आज वाटेल की सायकलवाल्यांनी पेढे वाटले असतील. झालं उलटंच. सायकलिस्ट्स टूरिंग क्लब या सर्वांत जुन्या संघटनेने कडाडून विरोध केला. त्यांची दोन कारणं होती, आणि दोन्ही ऐकण्यासारखी आहेत. एक म्हणजे ट्रॅक वाईट होते. पृष्ठभाग खडबडीत, आणि प्रत्येक फाट्यावर ट्रॅक तुटायचा. जिथे अपघाताची भीती सर्वांत जास्त तिथेच संरक्षण संपायचं. दुसरं कारण हक्काचं होतं. आज 'तुमच्यासाठी वेगळी पट्टी केली' म्हणणारे उद्या 'मुख्य रस्त्यावर यायचं नाही' म्हणतील, ही भीती.

ती भीती अगदीच काल्पनिक नव्हती. दशकाच्या अखेरीस लॉर्ड अॅल्नेस यांच्या अध्यक्षतेखाली हाउस ऑफ लॉर्ड्सची एक समिती अपघातांचा विचार करायला बसली. तिचा निष्कर्ष असा की बहुतेक अपघात रस्ता वापरणाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे होतात. समितीने मोटारचालकांच्या प्रशिक्षणाबद्दल आणि शिक्षांबद्दलही लिहिलं, वेगळ्या आणि दर्जेदार सायकल ट्रॅकची शिफारसही केली. पण त्यासोबत दहा वर्षांखालच्या मुलांना सार्वजनिक रस्त्यावर सायकल चालवायला बंदी करावी, असंही सुचवलं. मुलाला धोका आहे, म्हणून मूल हटवा. मग युद्ध आलं आणि ट्रॅकही राहिले, बंदीही राहिली. विचाराची दिशा मात्र टिकली.

सायकल संघटनांच्या भूमिकेत एक आंधळा कोपरा होता, तोही नोंदवायला हवा. रस्त्यावरचा हक्क मागणारे लोक बहुतेक धडधाकट, अनुभवी सायकलपटू होते. रविवारी सत्तर मैल चालवून येणाऱ्याला मोटारींच्या सोबतीने जाणं जमतं. आठ वर्षांच्या मुलीला आणि अडुसष्ट वर्षांच्या बाईला ते जमेल का, हा प्रश्न त्या भांडणात फारसा कोणी विचारला नाही. सरकार मोटारीच्या काचेतून बघत होतं, संघटना तगड्या तरुणाच्या सीटवरून.

परीक्षा पास झालेलं मूल

युद्धानंतर ब्रिटनने शिक्षणाचा रस्ता धरला. अपघात प्रतिबंधाचं काम करणाऱ्या 'रोस्पा' या संस्थेने १९४७ मध्ये मुलांसाठी सायकलिंग प्रोफिशिएन्सी, म्हणजे सायकल प्रावीण्य चाचणी सुरू केली. पुढच्या काही दशकांत ती ब्रिटिश बालपणाचा भाग झाली. शाळेच्या मैदानावर खडूने रस्ता आखायचा, मधे शंकू ठेवायचे, मुलांनी त्यातून सायकल न्यायची, मागे वळून बघायचं, हात दाखवायचा, नीट थांबायचं. पास झालं की बिल्ला. इंग्लंडमधल्या साठीतल्या माणसाला विचारून बघा, बिल्ल्याबद्दल कौतुकाने सांगेल. त्याहून लहान मुलांसाठी १९५३ पासून 'टफ्टी' नावाची खार होती. शहाणा टफ्टी रस्ता ओलांडताना आईचा हात धरतो. त्याचा मित्र विली वीझल एकटाच आइस्क्रीमच्या गाडीकडे पळतो आणि मोटारीखाली सापडतो. गोष्टीचा बोध विलीसाठी आहे. मोटार किती वेगात होती, हे गोष्टीत विचारायचं नसतं.

प्रशिक्षणाची टिंगल करायचा माझा अजिबात विचार नाही. मागे बघताना हँडल सरळ ठेवणं, चौकात कुठे उभं राहायचं हे कळणं, ही शिकून येणारी कौशल्यं आहेत, आणि ती शिकलेलं मूल जास्त आत्मविश्वासाने चालवतं. २००७ पासून ही चाचणी 'बाइकेबिलिटी' या नावाने नव्या रूपात आली, आणि तिच्या वरच्या पातळ्या मैदानाऐवजी खऱ्या रस्त्यावर शिकवतात, हे चांगलंच झालं. नेदरलँड्समध्येही अकरा-बारा वर्षांची मुलं वाहतुकीची परीक्षा देतातच.

प्रश्न असा आहे की ब्रिटनमध्ये प्रशिक्षणाच्या जोडीला दुसरं काय होतं? फारसं काही नव्हतं. शहरं मोटारींसाठी रुंद होत होती. १९४९ मध्ये ब्रिटनमधले लोक वर्षाला सुमारे २४ अब्ज किलोमीटर सायकल चालवत होते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो आकडा चार अब्जांच्याही खाली आला. बिल्ला मिळवलेली मुलं मोठी होऊन मोटारीत बसली, आणि त्यांच्या मुलांसाठी रस्ता आणखी अवघड झाला.

मुलांचे डोळे, मुलांचे कान

याच सुमारास स्वीडनमध्ये एक बाई वेगळ्याच बाजूने विचार करत होत्या. स्टिना सँडल्स या बालमानसशास्त्रज्ञ. मुलांना वाहतूक कितपत समजते, हे त्यांनी प्रयोग करून तपासलं. आवाज कुठल्या दिशेने आला हे मुलाला सांगता येतं का? डोळ्यांच्या कोपऱ्यातून येणारी हालचाल टिपता येते का? मोठी माणसं रस्त्याबद्दल जे शब्द वापरतात आणि रस्त्यावर जी चिन्हं लावतात, त्यांचा अर्थ मुलं काय घेतात? १९६८ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, पुढे १९७५ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवादही निघाला. निष्कर्ष सरळ होता. लहान मुलांची इंद्रियं, लक्ष आणि समज अजून घडत असतात, त्यामुळे कितीही शिकवलं तरी आजच्या वाहतुकीशी ती पूर्णपणे जुळवून घेऊ शकणार नाहीत. जुळवून घ्यायचं असेल तर ते वाहतुकीने.

यानंतरच्या संशोधनाने हे चित्र अधिक बारीक केलं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात जोडी प्लमर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. भोवती पडदे, पडद्यांवर धावणाऱ्या मोटारी, आणि मधे एका जागी बसवलेली खरी सायकल. दहा वर्षांची मुलं, बारा वर्षांची मुलं आणि प्रौढ, असे तीन गट. दोन गाड्यांमधली फट बघून चौक ओलांडायचा. अपेक्षा अशी असते की मुलं धोकादायक, अरुंद फटी निवडतील. तसं झालं नाही. मुलांनी आणि मोठ्यांनी साधारण सारख्याच फटी निवडल्या. फरक पडला तो निघण्यात. पुढची गाडी गेल्या क्षणी मोठा माणूस पेडल मारून मोकळा होतो. मुलाला निर्णय आणि हालचाल यांची सांगड घालायला थोडा वेळ लागतो, म्हणून पलीकडे पोहोचताना त्याच्या हाताशी उरलेला वेळ कमी असतो. म्हणजे मुलाचा निर्णय चुकलेला नसतो. शरीर निर्णयाच्या किंचित मागे असतं. 'नीट बघून जा' या उपदेशाचा इथे काय उपयोग? ते बघूनच निघालं होतं.

२०११ मध्ये लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातल्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. आपल्याकडे येणारी गाडी डोळ्यांना मोठी मोठी होत जाते, आणि त्यावरून ती येते आहे हे कळतं. प्राथमिक शाळेतल्या मुलांची ही जाण प्रौढांपेक्षा कमी असते. गाडी ताशी २० मैल, म्हणजे सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येत असेल, तर ती येते आहे हेच मुलाला खात्रीने कळेल असं धरून चालता येत नाही. ही मर्यादा डोळा आणि मेंदू यांच्या वाढीची आहे. बिल्ला मिळाल्याने ती जात नाही. गाडीचा वेग ३० वर आणला की मात्र तिचा त्रास बराच कमी होतो.

एका बापाचा लेख

आता नेदरलँड्स. आज तिथल्या सायकलींचे फोटो बघून आपल्याला वाटतं की हे लोक पहिल्यापासूनच असे. तसं नाही. १९५० आणि ६० च्या दशकांत डच शहरंही मोटारीच्या मागे लागली होती; कालवे बुजवले जात होते, चौकांचे वाहनतळ होत होते, सायकलचा वापर झपाट्याने उतरत होता. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यांवर सुमारे ३,२०० माणसं मेली. त्यांत चारशेहून अधिक मुलं होती.

त्यांतली एक मुलगी सहा वर्षांची होती. ती सायकलवरून शाळेत जाताना गेली. तिचे वडील फिक लांगेनहॉफ हे 'द टेइड' या वृत्तपत्राचे पत्रकार. सप्टेंबर १९७२ मध्ये त्यांनी लेख लिहिला. मथळ्याचा अर्थ, 'मुलांची हत्या थांबवा'. अपघात हा शब्द त्यांनी नाकारला, ही त्या मथळ्यातली महत्त्वाची गोष्ट. अपघात म्हटलं की हळहळ व्यक्त करून थांबता येतं. हत्या म्हटलं की कोणी केली, कोणी होऊ दिली, हे विचारावंच लागतं. याच नावाची चळवळ उभी राहिली. तिच्या पहिल्या अध्यक्ष मार्त्ये फान पुटेन या तरुण आई होत्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्य झाल्या. पालक रस्त्यावर बसले, रस्ते अडवून त्यांवर मुलांना खेळायला सोडलं. अॅमस्टरडॅमच्या द पेप या दाटीच्या भागात तर मुलांनीच सह्या गोळा करून आपल्या गल्ल्यांतून मोटारी हटवण्याची मागणी केली.

चळवळीला काळाची साथ मिळाली. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारींवर बंदी घातली, आणि लोकांनी काही आठवडे आपली शहरं मोटारींशिवाय अनुभवली. १९७५ मध्ये सायकलस्वारांची नवी संघटना निघाली आणि तिने नावातच 'खरी' हा शब्द घातला. टोमणा असा की जुनी राष्ट्रीय सायकल संघटना तोवर मोटारवाल्यांची झाली होती. डेल्फ्ट शहरात 'वोनेर्फ' म्हणजे राहण्याचं अंगण ही कल्पना रुजली. अशा गल्लीत मोटार येऊ शकते, पण पाहुण्यासारखी, माणसाच्या चालीने. १९७६ मध्ये तिला कायद्याची मान्यता मिळाली. पुढे ३० किलोमीटर वेगाचे विभाग आले, सलग सायकल मार्गांची जाळी आली. १९९० च्या दशकात या सगळ्या अनुभवाला 'शाश्वत सुरक्षितता' या धोरणाचं रूप मिळालं. त्याचं गृहीतक एका वाक्यात सांगता येतं: माणूस चुकणारच, तेव्हा त्याची चूक पोटात घालणारा रस्ता बांधा.

ब्रिटिश समितीही म्हणत होती की माणसं चुकतात. डच अभियंतेही तेच म्हणत होते. एकाच निरीक्षणातून पहिल्यांनी माणूस सुधारायचा निष्कर्ष काढला, दुसऱ्यांनी रस्ता.

आकडे घटले, आणि मुलंही

इथे एक आक्षेप येतो, आणि तो योग्य आहे. ब्रिटनमध्येही मुलांचे मृत्यू घटलेच की! हो, घटले. १९२२ च्या तुलनेत १९८६ साली रस्त्यांवर मरणाऱ्या मुलांची संख्या निम्म्यावर आली होती, आणि मधल्या काळात वाहनं कितीतरी पटींनी वाढली होती. सरकारी भाषेत हा रस्ता सुरक्षेचा विजय होता.

मेयर हिलमन, जॉन अॅडम्स आणि जॉन व्हाइटलेग या तिघांनी १९९० मध्ये या विजयाची तपासणी केली. इंग्लंडमधल्या ज्या शाळांतून १९७१ मध्ये मुलांच्या फिरण्याबद्दल माहिती गोळा केली होती, त्याच शाळांत ते पुन्हा गेले. १९७१ मध्ये सात-आठ वर्षांच्या मुलांपैकी ८० टक्के मुलं मोठ्यांशिवाय शाळेत जात होती. १९९० मध्ये ९ टक्के. सायकलीचे आकडे तर अधिक बोलके आहेत. १९७१ मध्ये दोन तृतीयांश मुलांकडे सायकल होती, आणि सायकल असलेल्यांपैकी दोन तृतीयांश मुलांना ती रस्त्यावर चालवायची परवानगी होती. १९९० मध्ये ९० टक्के मुलांकडे सायकल होती. रस्त्यावर न्यायची परवानगी फक्त पाव मुलांना. सायकल वाहन राहिली नव्हती, अंगणातलं खेळणं झाली होती.

म्हणजे रस्ते सुरक्षित झाले नव्हते. ते इतके धोकादायक झाले होते की आईबापांनी मुलांना आत घेतलं. समुद्रात शार्क आल्यावर पोहणं बंद झालं आणि शार्कच्या हल्ल्यांचे आकडे शून्यावर आले, तर समुद्र सुरक्षित झाला असं कोणी म्हणेल का? या अहवालाचं नाव 'वन फॉल्स मूव्ह', एक चुकीचं पाऊल. सरकारी पोस्टरवरच्या घोषणेतून ते उचललं होतं. एक चूक आणि तू मेलास, असं मुलाला बजावणारी ती घोषणा. संशोधकांचा सवाल होता की मुलाच्या एका चुकीची शिक्षा मरण असेल, तर ती व्यवस्था कोणाची चूक आहे?

नेदरलँड्समध्येही मृत्यू घटले. आज तिथे वर्षाला दगावणाऱ्या मुलांची संख्या साधारण पंधरा-वीसच्या घरात असते. त्यात सीटबेल्टचा, चांगल्या गाड्यांचा, सुधारलेल्या वैद्यकीय सेवेचाही वाटा आहे. सगळं श्रेय सायकल मार्गांना देणं खोटं ठरेल. पण एक फरक कोणीही जाऊन बघू शकतं: तिथली मुलं रस्त्यावर आहेत. बहुसंख्य मुलं बाराव्या वर्षापासून स्वतः सायकल चालवत माध्यमिक शाळेत जातात. इंग्लंडमध्ये प्राथमिक शाळेत सायकलने जाणारी मुलं शंभरात दोन-तीन.

कायद्याच्या नजरेत वय

वयाबद्दल समाजाला खरोखर काय वाटतं, हे भाषणांपेक्षा कायद्यात जास्त दिसतं. इंग्लंडमध्ये फुटपाथवर सायकल चालवण्याची मनाई १८३५ च्या कायद्यातून येते, म्हणजे आजची सायकल जन्माला येण्यापूर्वीच्या. त्यात वयाचा विचारच नाही. प्रत्यक्षात सहा वर्षांच्या मुलीवर कोणी कारवाई करत नाही, पण तिची जागा कुठे, हे कायदा सांगत नाही. जर्मनीत मात्र आठ वर्षांपर्यंतच्या मुलाने सर्वसाधारणपणे फुटपाथवरूनच चालवायचं आणि दहा वर्षांपर्यंत चालवायला हरकत नाही, असा स्पष्ट नियम आहे.

नुकसानभरपाईचा कायदा तर अधिकच बोलका. नेदरलँड्समध्ये मोटारीची चौदा वर्षांखालच्या सायकलस्वाराला धडक बसली, तर मुलाने चूक केली होती हा बचाव जवळजवळ चालतच नाही. पूर्ण भरपाई मोटारवाल्याच्या विम्यातून जाते. मुलं चुकतात हे तुला माहीत होतं ना, मग त्या हिशेबाने गाडी चालवायची होती, असा त्यामागचा विचार. फ्रान्सच्या १९८५ च्या कायद्याने वयाची दोन्ही टोकं धरली. पादचारी किंवा सायकलस्वार सोळा वर्षांखालचा किंवा सत्तरीपुढचा असेल, तर त्याने स्वतःहून इजा ओढवून घेतल्याचं सिद्ध झाल्याशिवाय त्याची शारीरिक इजेची भरपाई कापता येत नाही. ब्रिटनमध्ये जखमी झालेल्यालाच चालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. २०२२ मध्ये तिथल्या हायवे कोडमध्ये बदल झाला आणि जो जास्त इजा करू शकतो त्याची जबाबदारी जास्त, हे तत्त्व शब्दांत आलं. हे व्हायला १९३४ पासून जवळजवळ नव्वद वर्षं लागली.

सत्तरीनंतरची सायकल

इथवर वाचून डच लोकांनी प्रश्न सोडवला असं वाटेल. पण गेल्या काही वर्षांत तिथेच तो नव्याने उभा राहिला आहे. २०१७ मध्ये पहिल्यांदाच तिथे मोटारींत मरणाऱ्यांपेक्षा सायकलवर मरणाऱ्यांची संख्या जास्त झाली, २०१ विरुद्ध २०६. २०२२ मध्ये सायकलस्वारांचे मृत्यू २९० च्या आसपास गेले. त्यांत मोठा वाटा वयस्कांचा आहे.

याचं एक कारण चांगलं आहे. इलेक्ट्रिक सायकलमुळे पंचाहत्तरीतली माणसं आणखी काही वर्षं, आणखी लांबवर जाऊ लागली. पण त्यांचे अपघात मुलांच्या अपघातांसारखे नसतात. जखमी होऊन रुग्णालयात येणाऱ्या सायकलस्वारांपैकी बऱ्याच जणांना मोटारीने धडक दिलेलीच नसते. चढताना किंवा उतरताना तोल जातो, जड सायकल अंगावर येते. रस्ता ओलांडून वळताना मान मागे वळवली की हँडलही वळतं. मोटारी येऊ नयेत म्हणून सायकल मार्गाच्या मधोमध रोवलेला खांब संध्याकाळच्या उजेडात दिसत नाही. विशीतला मुलगा अशा पडण्यातून खरचटून उठतो. पंचाहत्तरीत खुबा मोडतो.

मधलं वयही विसरून चालणार नाही. किशोरवयीन मुलांना नियम पाठ असतात. त्यांनी परीक्षा दिलेली असते. तरी ती फोन बघत चालवतात. २०१९ च्या जुलैपासून नेदरलँड्समध्ये सायकलवर फोन हातात धरण्यास बंदी आहे. म्हणजे लहान मुलाला जमत नाही, किशोराला माहीत असून करायचं नसतं, आणि वयस्काला कळतं पण शरीर साथ देत नाही. बाहेरून तिन्ही 'बेशिस्त' दिसतं. कारणं तीन आहेत, तेव्हा उपायही तीन हवेत. शिस्त या एका शब्दात तिघांना कोंबलं की कोणाचंच भलं होत नाही.

वयस्कांच्या बाबतीत डच लोकांचं उत्तर मला विचार करायला लावतं. आता चालवणं सोडा, असं ते सांगत नाहीत. 'डोर्ट्राप्पन', म्हणजे पेडल मारत राहा, अशा नावाचा कार्यक्रमच आहे. सीट खाली घ्या, आरसा लावा, चढण्या-उतरण्याचा सराव करा. सोबत अनावश्यक खांब काढणं, कडांचे दगड उतरते करणं, मार्ग रुंद करणं हेही चालू आहे. पूर्वी नकोशी असलेली हेल्मेटची चर्चाही आता तिथे होते. शिकवणं आणि बांधणं यांतलं एकच निवडायला कोणी सांगितलं आहे? शिकवण्याला बांधण्याची जागा घेऊ दिली की बिघडतं, एवढंच.

आणि इथे पणाला काय लागलेलं आहे, ते मृत्यूच्या आकड्यांत पूर्ण मावत नाही. सायकल सुटलेल्या म्हातारीचं दुकान सुटतं, मैत्रीण सुटते, वाचनालय सुटतं. सायकल न मिळालेलं मूल कुठेही जायला आईबापांच्या मोटारीवर अवलंबून राहतं. ही हानी कोणत्याही अपघात नोंदवहीत चढत नाही.

घर ते शाळा

हे सगळं वाचून आपल्याकडे नजर गेल्याशिवाय राहत नाही. सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने ब्रिटनचीच वाट थोड्या उशिराने धरली, फक्त मोटारीच्या आधी स्कूटर आली. २०१७ मध्ये पुणे महापालिकेने सायकल आराखडा मंजूर केला, पण शाळेतलं मूल एकटं चालवू शकेल अशी सलग जाळी अजून उभी राहायची आहे. दर वर्षी रस्ता सुरक्षा अभियान येतं, तेव्हा शाळांत चित्रकला आणि निबंधाच्या स्पर्धा होतात. टफ्टीच्या गोष्टीचाच हा मराठी अवतार. धडा मुलांसाठी असतो.

गावाकडची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. बिहारमध्ये २००६ मध्ये सुरू झालेल्या अशाच योजनेने मुलींचं माध्यमिक शाळेत जाणं लक्षणीय वाढलं, हे अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या हातात सायकल देणं हे आपल्याकडचं फार मोठं सामाजिक काम आहे. पण ती सायकल ज्या रस्त्यावर उतरते, तो दरम्यान चौपदरी झालेला असतो, त्यावर उसाच्या ट्रॉल्या आणि डंपर असतात, आणि कडेची पट्टी म्हणजे मुरूम. तिला काही झालं की बातमीत 'सायकलस्वार विद्यार्थिनी' असते आणि चर्चा तिने बघितलं होतं का याची. त्यानंतर गावातल्या चार मुलींच्या सायकली घरात उभ्या राहतात. इंग्लंडमध्ये १९७१ ते १९९० मध्ये जे झालं, ते एका आठवड्यात होतं. आणि आपल्याकडे त्याची किंमत जास्त आहे, कारण इथे सायकल थांबली तर शाळाच थांबू शकते.

सायकल योजनेच्या निकषांत घर आणि शाळा यांच्यातलं अंतर असतं. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: तो रस्ता कसा आहे, आणि तेरा वर्षांची मुलगी त्यावर चुकली तर काय होईल.